गादीवरून खुर्चीकडे

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण व्यापारी घरांत आजही अधूनमधून ऐकू येते. ती उच्चारणाऱ्या आजोबांचा एक नातू मात्र पुण्यातील कंपनीत रुजू झालेला असतो, दुसरा सनदी लेखापाल होण्याच्या खटपटीत असतो आणि नात बँकेच्या परीक्षेची पुस्तके घेऊन माडीवर बसलेली असते. म्हण आणि घर यांच्यातील हे अंतर गेल्या दोन पिढ्यांत पडले. दुकाने ओस पडली असे नाही. पण एका दुकानावर तीन भावांची कुटुंबे पोसणे अवघड झाले, मुले शिकली, आणि शिकलेल्या मुलांना सामावून घेणारी जागा बहुधा एखादे मोठे कार्यालयच असते. मग ते सरकारी खाते असो, बँक असो, विमा कंपनी असो वा माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय असो. तेथे पायऱ्यापायऱ्यांची अधिकाररचना असते, कामाची वाटणी ठरलेली असते, प्रत्येक गोष्टीची नोंद होते आणि निर्णय नियमाला धरून घ्यावा अशी अपेक्षा असते.

अशा कार्यालयाच्या दारात दरवर्षी हजारो विद्यार्थी उभे राहतात. सर्वांच्या हाती सारखीच पदवी असते, परीक्षाही त्यांनी एकच दिलेली असते. तरीही एकाला ते कार्यालय तुरुंगासारखे भासते, दुसऱ्याला माहेरासारखे, तर तिसऱ्याला देवळासारखे, जेथे उंबऱ्याशी चपला काढून, आवाज खाली आणूनच आत जायचे असते. हा फरक बुद्धीचा नसतो. तो बहुतांशी घराचा असतो; बाप कशावर पोट भरीत होता आणि जेवताना घरात कार्यालयाविषयी काय बोलले जात होते, याचा असतो.

व्यापारी घरातील मुलाचे पाहू. सांगलीसारख्या पेठेत अडतीच्या दुकानात तो शाळेपासूनच जाऊन बसू लागतो. हळदीचे, गुळाचे, बेदाण्याचे सौदे तो पाहतो. आप्पा कोणाला उधार देतात आणि कोणाला गोड बोलून परत पाठवितात, हे त्याच्या ध्यानात येते. उधारी देण्याचा नियम कोठे लिहिलेला नसतो. माणसाचा चेहरा, त्याच्या बापाची पत, गावाकडचा पाऊस आणि मागील हंगामातील वसुली यांचा हिशेब क्षणात मनात मांडून आप्पा होकार देतात. एकदा दिलेला शब्द मात्र नुकसान सोसूनही पाळतात. काम आले की केले जाते. दुपारच्या जेवणाची वेळ ग्राहकांवर अवलंबून असते. घराची तिजोरी आणि दुकानाची तिजोरी यांच्यात अंतर थोडे असते, कधीकधी तर नसतेच. अशा मुलाच्या मनात काम म्हणजे निर्णय, आणि निर्णय म्हणजे माणसाची पारख, हे समीकरण पक्के होते.

कार्यालयाशी त्याची पहिली ओळख होते ती पलीकडच्या बाजूने. जकात नाक्यावर अडकलेला ट्रक, विक्रीकराच्या नोटिसा, परवान्याचे नूतनीकरण, बाजार समितीची तपासणी यांच्या गोष्टी तो ऐकत असतो. २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली होती. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढाल असणाऱ्यांसाठी तो कर उठविण्यात आला. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दरमहा विवरणपत्र भरण्याची धांदल घरोघरी सुरू झाली. या वर्षांत दहा-पंधरा वर्षांचे असलेले मूल आज महाविद्यालयातून बाहेर पडत आहे. कार्यालय म्हणजे काम अडविणारी जागा, आणि ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ हे त्याचे ब्रीद, अशी त्याची समजूत झाली असेल तर त्यात नवल नाही.

त्याच गावातील शिक्षकाच्या किंवा महसूल खात्यातील लिपिकाच्या घरी वेगळे वारे असते. तेथे महिन्याची पहिली तारीख हा सणाचा दिवस असतो. वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता, रजेची शिल्लक, बदली, पदोन्नती हे शब्द मुलांच्या कानांवर वरण-भाताइतक्या सहजपणे पडतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारी सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, ही गोष्ट अशा घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी झालेला कर्मचाऱ्यांचा संप त्याने पाहिलेला असतो. अर्ज कसा लिहावा, त्याची पोच कशी घ्यावी, वरिष्ठाशी मतभेद असला तरी तो ‘माहितीसाठी सविनय सादर’ या शब्दांत कसा मांडावा, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. ते आपोआप अंगी मुरते. अशा मुलामुलींना कार्यालयाची भीती वाटत नाही आणि त्याचा रागही येत नाही. त्याची भाषा त्यांना येत असते.

तिसरे घर हमालाचे. अडतीच्या ज्या दुकानात व्यापाऱ्याचा मुलगा गादीशेजारी बसतो, त्याच दुकानात या घरातील बाप पाठीवर पोती वाहतो. पूर्वी त्याची मजुरी मालकाच्या मर्जीवर होती. आजारी पडला की मजुरी बंद, म्हातारा झाला की काम बंद. पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीसारख्या संघटना आणि मुंबईतील माथाडी कामगारांच्या चळवळी यांच्या रेट्यातून राज्यात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे त्यातून उभी राहिली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार द्यावा, अशी ही व्यवस्था आहे.

मंडळ म्हणजे कागदांचा ढीग, असे व्यापाऱ्याला वाटते, आणि त्याच्या तक्रारीत तथ्य नसतेच असे नाही. हमालाच्या घरी मात्र मंडळाचे ओळखपत्र देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले असते. त्या घराला रजा, निधी आणि म्हातारपण हे शब्द एका कार्यालयाने दिलेले असतात. म्हणून हमालाचा मुलगा नियमाकडे आधार म्हणून पाहतो. त्याचबरोबर खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे हात जोडून उभा राहिलेला बापही त्याने पाहिलेला असतो. आदर आणि धाक त्याच्या मनात एकमेकांत मिसळून जातात, आणि प्रश्न विचारणे त्याला उद्धटपणासारखे वाटू लागते.

बाजारातला एक साधा नियम घेतला तरी हा दृष्टिभेद स्पष्ट होतो. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीत अनेक पेठांत होती. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला. जाणत्या व्यापाऱ्याला तो आपल्या कसबावरचा अविश्वास वाटला; शेतकऱ्याला मात्र आपल्या मालाचा भाव प्रथमच आपल्या कानांनी ऐकू आला. एकाच नियमाचे हे दोन अनुभव दोन घरांत दोन पिढ्या मुरले, की त्यांतून नियमाविषयीचे दोन स्वभाव तयार होतात.

ही तिन्ही घरे एका छताखाली आली म्हणजे काय होते, ते अशाच एका पेठेतील तिघांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. अडत्याचा मुलगा, त्याच दुकानातील हमालाचा मुलगा आणि एका शिक्षकाची मुलगी एकाच महाविद्यालयातून वाणिज्य शाखेचे पदवीधर झाले आणि पुण्यात कर्जपुरवठा करणाऱ्या एका कंपनीत एकाच वेळी लागले.

अडत्याच्या मुलापुढे तिसऱ्या महिन्यात एका भाजी व्यापाऱ्याचे टेम्पोसाठीचे कर्जप्रकरण आले. एक कागद कमी होता. माणूस खरा आहे हे मुलाने दहा मिनिटांत ओळखले, आणि ते खरेही होते. त्याने फोनवर सांगितले, “काका, तुमचं काम झालं समजा.” काकांनी त्या शब्दावर टेम्पोचा बयाणा दिला. प्रकरण वरच्या टेबलावर नामंजूर झाले आणि बयाणा बुडाला. वरिष्ठांनी मुलाकडे लेखी खुलासा मागितला. त्याला तो अपमान वाटला. घरी शब्द हे भांडवल होते. येथे जो शब्द देण्याचा त्याला अधिकारच नव्हता, तो त्याने दिला होता.

हमालाच्या मुलाच्या नजरेस व्याजाच्या आकारणीतील एक चूक आली. चूक वरिष्ठाची होती. तो दोन महिने गप्प राहिला. लेखापरीक्षणात ती उघड झाली तेव्हा त्याला विचारण्यात आले, ‘तुला दिसले नव्हते का?’ तो म्हणाला, “दिसलं होतं. पण साहेबांच्या लक्षात आलं असेल, असं वाटलं.”

शिक्षकाच्या मुलीचे टेबल निर्दोष होते. प्रत्येक पत्राची प्रत, प्रत्येक फोनची नोंद. मात्र नावातील एका अक्षराच्या फरकामुळे एका वृद्ध बाईला तिने तीन वेळा परत पाठविले. चौथ्यांदा ती बाई आलीच नाही. मुलीवर कोणी ठपका ठेवला नाही, कारण नियमाप्रमाणे तिचे काही चुकले नव्हते.

तिघांनीही घरातून आणलेला सद्गुणच वापरला होता: एकाने पारख, दुसऱ्याने आदर, तिसरीने काटेकोरपणा. नव्या जागेत त्या सद्गुणांची मर्यादा दिसून आली, आणि तिची किंमत प्रत्येक वेळी समोरच्या माणसाने मोजली.

दिवाळीला अडत्याचा मुलगा घरी आला तो राजीनाम्याचा विचार मनात घेऊनच. “आप्पा, तिथं सगळं लिहून मागतात. माणसावर विश्वासच नाही कुणाचा,” तो म्हणाला. दुकानात हाताखाली माणूस हवाच होता; आप्पांनी मनातून हरखून जावे अशीच ती वेळ होती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपले दिवाणजी पस्तीस वर्षं आहेत. त्यांनी रजा मागितली की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघतो, मग कॅलेंडरकडे. कारण खरं वाटलं तर देतो. त्यांना दर वेळी माझ्यापुढं कारण सांगावं लागतं. तुझ्याकडं तसं नाही, एवढं तरी बरं आहे.” मुलाला उत्तर सुचले नाही. पाडव्याला नव्या वह्यांची पूजा झाली, तेव्हा एका वहीच्या शेवटच्या पानावर आप्पांनी स्वतःच्या हाताने दिवाणजींच्या वर्षाच्या रजा लिहून ठेवल्या होत्या. तसे पान त्या दुकानात यापूर्वी कधी नव्हते. मुलगा पुण्याला परत गेला. तो तेथे टिकेल की गादीवर येईल हे अद्याप ठरलेले नाही, आणि ते लवकर ठरण्याची गरजही नाही.

आप्पांना जे दिवाणजींच्या रजेत दिसले, ते जर्मनीत एका विद्वानाने शतकापूर्वी सविस्तर मांडले होते. माक्स वेबर १८६४ मध्ये जन्मले. त्यांचे आजोबा बीलेफेल्ड येथे तागाच्या तलम कापडाचे व्यापारी होते. वडील कायदा शिकून आधी एर्फुर्टमध्ये आणि पुढे बर्लिनमध्ये अधिकारपदावर होते. म्हणजे गादीवरून खुर्चीकडचा प्रवास वेबरांच्या घरातच घडलेला होता. १८८९ मधील त्यांचा प्रबंधही मध्ययुगीन व्यापारी भागीदाऱ्यांवर होता. इटलीतील शहरांमध्ये कुटुंबाचे धन आणि पेढीचे धन वेगळे कसे होत गेले, याचा शोध त्यांनी त्यात घेतला. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ पर्यंत पूर्ण प्रसिद्ध झालेल्या ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या ग्रंथात त्यांनी नोकरशाहीची लक्षणे सांगितली. पद हे कोणाच्या मालकीचे नसते, ते वारशाने जात नाही, कामाची साधने काम करणाऱ्याची नसतात, घर आणि कार्यालय वेगळे असते, अधिकार ठरवून दिलेले असतात, नोंद लेखी असते, आणि समोरचा माणूस आवडता की नावडता याचा निर्णयाशी संबंध नसतो.

ही यादी व्यापारी घरातील मुलाने वाचली तर त्यातील प्रत्येक ओळ त्याला आपल्या दुकानाच्या उलट वाटेल. गादी मालकीची असते, वारशाने येते, घराला चिकटलेली असते आणि माणूस पाहून चालते. कार्यालयात त्याचा जीव का गुदमरतो, याचे उत्तर त्या यादीतच आहे. वेबर स्वतः काही नोकरशाहीचे भाट नव्हते. नियमांनी बांधलेले जग माणसाला पोलादी कवचासारखे जखडून ठेवील, ही भीती त्यांनीच व्यक्त केली. पण मर्जीपेक्षा नियम बरा, असे ज्यांच्याजवळ मर्जी मिळविण्याचे साधन नाही त्यांना का वाटते, हेही त्यांच्या विवेचनातून उमगते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन यांनी हाच प्रश्न घरांच्या बाजूने पाहिला. आईबाप मुलांना कोणते गुण शिकवू पाहतात याचा त्यांनी अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ‘क्लास अँड कन्फॉर्मिटी’ हा ग्रंथ १९६९ मध्ये आला. ज्यांना कामावर स्वतः विचार करून निर्णय घ्यावे लागतात, ते आईबाप मुलांच्या जिज्ञासेला आणि स्वयंनिर्णयाला महत्त्व देतात; ज्यांच्या कामावर सतत दुसऱ्याची देखरेख असते, ते आज्ञाधारकपणावर भर देतात, असे त्यांना आढळले. बापाची कामाची जागा अशी मुलाच्या वळणात उतरते.

कोन यांचा दुसरा निष्कर्ष व्यापारी वर्गाला अधिक विचार करावयास लावील. तीन हजारांहून अधिक कमावत्या पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखविले, की मोठ्या नोकरशाही संस्थांत काम करणारी माणसे सर्वसाधारण समजुतीप्रमाणे ठोकळेबाज आढळली नाहीत. उलट, इतरांच्या मानाने त्यांच्यात स्वयंनिर्णयाची ओढ आणि नव्या विचाराचे स्वागत काहीसे अधिकच होते. कारणे कोन यांनी शोधली: शिक्षण, कामातील गुंतागुंत, बरे वेतन, आणि मुख्य म्हणजे वरिष्ठाच्या लहरीपासून मिळणारे संरक्षण. उद्या कामावरून काढले जाण्याची धास्ती नसलेला माणूस निर्भयपणे विचार करू शकतो. नोकरदाराला पाठीचा कणा नसतो, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या दुकानातील नोकराला कणा ठेवण्याची किती मुभा आहे, हेही पाहावे.

फ्रान्समध्ये पिएर बूर्दिय यांनी १९६४ मध्ये ज्याँ-क्लोद पासरों यांच्यासह विद्यार्थ्यांवर लिहिलेल्या ग्रंथात वारशाचा आणखी एक प्रकार दाखविला. शेतवाडीप्रमाणे बोलण्याची ढब, ग्रंथांची ओळख आणि संस्थांमध्ये वावरण्याची सहजता हीही वारशाने मिळते. ज्यांना ती मिळालेली असते त्यांना ती उपजत बुद्धी वाटते. बूर्दिय स्वतः एका टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र होते. हमालाचा मुलगा दोन महिने का गप्प राहिला, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

महाराष्ट्रात हे सारे ओळखले होते ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. नुसत्या जागा राखून भागणार नाही, हेही त्यांनी जाणले होते. कार्यालयाची भाषा ज्यांच्या घरात नाही, त्यांच्या मुलांना ती कोठेतरी शिकता आली पाहिजे. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. त्यांत जैन विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. त्या काळातील अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. खुर्चीची आणि या समाजाची ओळख कालपरवाची नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

व्यापारी घरातील मुलींचा विचार येथे निराळा करावयास हवा. अनेक घरांत मुलगी दुकानाचे हिशेब भावापेक्षा चांगले सांभाळते. विवरणपत्रे तीच भरते, बँकेशी पत्रव्यवहार तीच करते. तरी पाटीवर नाव येते ते भावाचे आणि तिच्या कामाला म्हणतात ‘मदत’. ती कार्यालयात जाते तेव्हा नेमणुकीच्या पत्रावर तिचे नाव असते, कामापुढे तिचे पद असते आणि महिन्याच्या शेवटी रक्कम तिच्या खात्यात जमा होते. भावाला जो नियम बेडीसारखा वाटतो, त्याच नियमात तिला आपल्या कष्टांची पहिली पावती मिळते. एकाच घरातील, एकाच आर्थिक स्थितीतील भाऊ आणि बहीण कार्यालयाविषयी वेगळे बोलतात याचे हे कारण आहे. घराचा वारसा सर्वांना सारखा मिळत नाही. म्हणून त्यातून होणारी दृष्टीही सारखी नसते.

या सर्वांत चिंतेची गोष्ट आणखी एक आहे आणि ती उघडपणे बोलली जात नाही. व्यापारी घरातील मूल नियमाविषयी जे शिकते, त्यातील काही भाग दुकानातील चतुराईचा नसतो. साहेबांना पाठविलेली दिवाळीची पेटी, चहापाण्यासाठी दिलेले पाकीट, ‘आपली ओळख आहे’ म्हणून रांग सोडून झालेले काम, हे सर्व मुले पाहत असतात. बाप ते निरुपायाने करतो. अडलेला माल सोडविला नाही तर नुकसान त्याचे असते. पण मुलाच्या मनात जे उतरते त्यात हा निरुपाय नसतो. ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी नियम असतात, इतकेच त्याला कळते. हाच मुलगा उद्या खुर्चीच्या त्या बाजूला बसणार असतो. तेव्हा समोर पाकीट सरकविणाऱ्या माणसात त्याला स्वतःचा बाप दिसेल; आणि नकार द्यावयाचा तर त्याला आधी बापाला मनातल्या मनात नकार द्यावा लागेल. हे ओझे मुलांवर टाकायचे की नाही, याचा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांच्याच हाती आहे.

करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा जातीचा दाखला, पारपत्राचा अर्ज, बँकेचे खाते हे काम एजंटाकडे न देता त्याचे त्याला करू द्यावे. एक-दोन हेलपाटे पडले तर पडू द्यावेत. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे आणि अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळावी हे ठरलेले आहे. ती मुदत वाचून, पोच घेऊन, उशीर झाल्यास अपील करण्याचा अनुभव मुलाला एकदा तरी मिळावा. दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींना ठरलेला पगार आणि ठरलेले काम द्यावे, म्हणजे घराचा खिसा आणि दुकानाचा गल्ला वेगळे असतात हे त्यांना घरीच कळेल. नोकरांच्या रजा आणि निधी मर्जीवर न ठेवता लिहून ठेवावेत. कारकुनाविषयी मुलांसमोर थट्टेने बोलू नये; शेजारच्या घरातील बाप तोच असतो आणि उद्या आपली मुलगीही त्याच टेबलावर बसलेली असते.

त्याच वेळी कार्यालयात जाणाऱ्या मुलाने गादीवरचे शिक्षण टाकून द्यावे असेही नाही. माणसाची पारख, वेळेची किंमत, समोरच्याचे काम आज व्हावे ही तळमळ या गोष्टी कार्यालयांना हव्याच आहेत. त्या वृद्ध बाईला चौथा हेलपाटा पडू नये म्हणून शिक्षकाच्या मुलीला जे सुचले नाही, ते अडत्याच्या मुलाला सुचले असते. आणि भाजी व्यापाऱ्याचा बयाणा बुडू नये म्हणून त्याने जे करावयास हवे होते, ते तिने सहज केले असते. हमालाच्या मुलाला व्याजातील चूक दोघांच्या आधी दिसली होती; त्याला बोलावेसे वाटेल असे वातावरण त्याच्या भोवती असते तर ती दोन महिने आधीच दुरुस्त झाली असती. तिघांची टेबले शेजारी शेजारी आहेत. एकमेकांच्या घरातील शहाणपण विचारून घेण्यास त्यांना कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.